सत्यम् : येणे बाकी

बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला टीका करता येत नाही, त्याला फक्त तपासणी करता येते. साहित्यातले टीकाकार सौंदर्यस्थळं शोधतात, आम्ही खाडाखोड शोधतो. तेव्हा दूरदर्शनवर हा जो काही मजकूर मी लिहिणार आहे, तो कृपा करून रसग्रहण म्हणून वाचू नये. ही हिशेबतपासणी आहे आणि ती करायला मला कोणीही सांगितलेलं नाही. (आमच्या शाखेत न सांगितलेलं काम करणारा मी पहिलाच असेन, असं आमच्या साहेबांचं मत पडलं.)

निमित्त झालं ते आमच्या वयाच्या मंडळींच्या उमाळ्यांचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी ते गोल फिरत फिरत जुळणारं बोधचिन्ह टाकतो, पंडित रविशंकरांची ती धून वाजते आणि खाली डोळे पुसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. ‘काय ते दिवस होते!’ आता हे उसासे टाकणाऱ्यांची मी नावानिशी यादी देऊ शकतो. आमच्या चाळीत केबल आली, तेव्हा केबलवाल्याकडे पहिल्या दिवशी डिपॉझिट भरणारी घरं हीच. जिवंतपणी भेटायला न जाता तेराव्याला दोन लाडू जास्त खाणारे नातेवाईक असतात, त्यातला प्रकार. दूरदर्शनवर प्रेम करायचं तर आधी त्याचा हिशेब मागावा, या मताचा मी आहे.

दूरदर्शनचं ब्रीदवाक्य ‘सत्यं शिवं सुंदरम्’. म्हणजे तीन खाती. तपासनिसाच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. पैकी पहिलं उघडलं गेलं ते शिवम्‌चं, म्हणून खतावणीचं तेच पान आधी उघडू.

15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीला प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं, ते करमणुकीसाठी मुळीच नव्हे. युनेस्कोनं 20 हजार डॉलर दिले होते आणि ते कशासाठी, तर दूरचित्रवाणीनं शिक्षण आणि गावसुधारणा होते का ते पाहण्यासाठी. आठवड्यातून दोन दिवस कार्यक्रम. लोकांनी एका संचाभोवती जमायचं, पाहायचं आणि मग पाहिलं त्यावर चर्चा करायची, असे ‘टेलिक्लब’ काढले होते. पु. ल. देशपांडे त्या सुरुवातीच्या दिवसांत तिथं होते. ज्या बाळाच्या पाळण्याशी पु. ल. हजर होते ते बाळ पुढं इतकं गंभीर कसं निघालं, हा एक स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. 1965 पासून कार्यक्रम रोज होऊ लागले. 26 जानेवारी 1967 ला ‘कृषिदर्शन’ आलं, ते दिल्लीच्या आसपासच्या 80 खेड्यांसाठी. पुढं 1975 च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या 2,400 खेड्यांत कार्यक्रम दाखवले आणि 31 जुलै 1976 ला प्रयोग आटोपून उपग्रह ज्याचा त्याला परत. मुदतीत फेडलेलं कर्ज पाहिलं की आमच्यासारख्यांना गहिवरून येतं.

मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 ला वरळीला सुरू झालं आणि ‘आमची माती आमची माणसं’ आमच्या घरात शिरलं. आमचं घर डोंबिवलीतल्या चाळीत, दोन खोल्यांचं. आजोबांची एकूण जमीन म्हणजे गॅलरीतल्या डब्यातली तुळस. पण हा कार्यक्रम त्यांनी चुकवला नाही. का, तर चित्रपट दुसऱ्या दिवशी होता आणि दुसरा चॅनेल नव्हता. दूरचित्रवाणीच्या इतिहासात या दुसऱ्या कारणाला फार मोठं स्थान आहे. आजोबांना कपाशीवरची बोंडअळी पाठ, द्राक्षावर फवारणी कधी करायची ते पाठ. भाजीवाल्याला ते विचारायचे, ‘काय रे, यंदा करपा फार का?’ भाजीवाला वाशीहून माल आणणारा, त्याला करपा हे आडनाव वाटायचं. पण कर्जबाजारी शेतकऱ्याची बातमी वर्तमानपत्रात आली की आजोबा ती मोठ्यानं वाचायचे आणि मग बराच वेळ गप्प बसायचे. त्यांना तो माणूस ओळखीचा झाला होता.

आता ‘कंटाळवाणं’ म्हणून दूरदर्शनला ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या मी तपासणीत नामंजूर करतो. तो कंटाळा फार मोलाचा होता. एकाच ताटात सगळ्यांना वाढल्यामुळं कारल्याची भाजीही पोटात जात होती. पुढं 2015 साली शेतकऱ्याला ‘डीडी किसान’ ही स्वतंत्र वाहिनी मिळाली. चांगली गोष्ट आहे. फक्त झालं असं, की शेतकऱ्याला वेगळी खोली दिली आणि आमच्या आजोबांसारखा बिनजमिनीचा माणूस त्या खोलीच्या बाहेर राहिला. शेतकऱ्यानं शेतकऱ्याला पाहावं यासाठी मनोरा उभारायची गरज नाही, तो बांधावरूनही दिसतो.

सुंदरम्‌चं खातं मी भरभर पाहतो, कारण त्यावर सगळेच बोलतात. ‘गजरा’ होता, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ होती, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांचे चिमणराव-गुंड्याभाऊ होते. दोन खुर्च्या, मध्ये फुलदाणी आणि तज्ज्ञांपेक्षा फुलदाणी जास्त बोलकी, असे कार्यक्रमही होते. ते सोयीस्कर विसरून चालणार नाही. ‘साप्ताहिकी’ मात्र लोक वही-पेन्सिल घेऊन पाहायचे. पुढच्या आठवड्यात काय पाहायला मिळणार हे पाहण्याचा कार्यक्रम लोकप्रिय व्हावा, ही भुकेची परमावधी होती.

1982 साली रंग आला. त्यासाठी आग्रह धरणारे मंत्री आपले नागपूरचे वसंत साठे. एशियाड तोंडावर होतं, त्यामुळं जे काम एरवी दहा वर्षं ‘विचाराधीन’ राहिलं असतं ते काही महिन्यांत झालं. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर भिंतींना रंग लागतो, तसंच. 1984 साली तर काही महिने दिवसाला एक ट्रान्समीटर या वेगानं जाळं वाढलं. पण त्याच 1982 च्या 15 ऑगस्टपासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि रात्रीची मोक्याची वेळ घेऊन बसला. मुंबई केंद्राची मराठी संध्याकाळ आखूड झाली. मनोरे वाढले तसा आवाज मात्र एकाच गावचा झाला. हे नाव्याच्या बाजूला लिहून ठेवतो. ‘रामायणा’बद्दल मी काही बोलत नाही. 1987-88 मध्ये रविवारी सकाळी रस्ते ओस पडत हे खरं, आणि दोन बाण हवेत एकमेकांना भेटेपर्यंत आमच्या आईचा चहा होत असे, हेही खरं.

आता सत्यम्. ब्रीदवाक्यात पहिलं आणि तपासणीत शेवटचं. हे खातं उघडलं की बँकेतला माणूस ताबडतोब ओळखतो : हे सस्पेन्स खातं आहे. ज्या रकमेचं काय करायचं ते कळत नाही ती आम्ही तात्पुरती सस्पेन्सला टाकतो. वरून आदेश आला की योग्य जागी वळती करायची असते. आदेश येत नाही. रक्कम तिथंच राहते.

पुरावे हवेत? 1976 साली किशोरकुमारची गाणी आकाशवाणी-दूरदर्शनवरून गायब झाली, कारण सरकारी कार्यक्रमात गायला त्यानं नकार दिला होता. 6 फेब्रुवारी 1977 ला दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण आणि जगजीवनराम यांची सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून त्या रविवारी दिल्ली दूरदर्शननं ठरलेला चित्रपट बदलून ‘बॉबी’ लावला. लोक तरीही सभेला गेले. डिंपल कपाडियाला सोडून माणसं भाषण ऐकायला जातात, यावरून देशाची अवस्था कळायला हवी होती. त्यावर बातमी करायची सोडून त्यांनी फक्त चित्रपट बदलला! 31 ऑक्टोबर 1984 ला इंदिरा गांधींच्या मृत्यूची बातमी बीबीसीनं दुपारीच दिली. आपल्या अधिकृत माध्यमांनी ती संध्याकाळी दिली. पुढं ‘राजीवदर्शन’ असं टोपणनाव पडलं. सरकारं बदलली, रंग बदलले, टोपणनावं बदलता आली असती. पद्धत बदलली नाही.

तुम्ही म्हणाल, मग या खात्यात जमा काहीच नाही? आहे, आणि गंमत तिथंच आहे. जमेच्या नोंदी बातम्यांच्या पानावर नाहीत, मालिकांच्या पानावर आहेत. 1984 च्या ‘हम लोग’मध्ये मध्यमवर्गीय बाप दारू पिऊन घरी येत होता. 1985 च्या ‘रजनी’त बासू चटर्जींनी प्रिया तेंडुलकरला गॅस एजन्सीवाल्याच्या समोर उभं केलं, टॅक्सीवाल्याला जाब विचारायला लावला आणि टॅक्सीवाले खरोखर संतापले. आमच्या शाखेतले तेव्हाचे लोक सांगायचे, की काउंटरवर उशीर झाला की बायका म्हणत, ‘रजनीला बोलवू का?’ आणि पासिंग ऑफिसर चहा अर्धा टाकून येत. बातम्या ऐकून आमचा एकही ऑफिसर कधी चहावरून उठलेला नाही. 1988 च्या जानेवारीत गोविंद निहलानींची ‘तमस’ आली. फाळणी दाखवू नका म्हणून लोक कोर्टात गेले, मुंबई उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय दोघांनीही दाखवा म्हणून सांगितलं, आणि दूरदर्शननं ती दाखवली. 1989 ला जसपाल भट्टी यांच्या ‘फ्लॉप शो’नं सरकारी कारभाराची सरकारी वाहिनीवरच हजेरी घेतली. म्हणजे दूरदर्शनला खरं बोलता येत नव्हतं असं नाही. बातम्यांमध्ये गोष्ट सांगायची आणि गोष्टीमध्ये खरं सांगायचं, अशी वाटणी झाली होती.

ही वाटणी नैसर्गिक नव्हती हे सांगणारे शहाणे लोक होते. 1966 च्या चंदा समितीनं दूरचित्रवाणीला रेडिओपासून वेगळं करून स्वतंत्र महामंडळ द्या म्हटलं. वेगळं केलं 1 एप्रिल 1976 ला, दहा वर्षांनी. महामंडळ राहून गेलं. वर्गीस समितीनं 1978 ला ‘आकाश भारती’ न्यास सुचवला. मग जोशी समिती आली आणि दूरदर्शनला भारतीय व्यक्तिमत्त्व हवं म्हणाली. अहवाल स्वीकारून कपाटात ठेवण्याचं कसब पाहता, व्यक्तिमत्त्व आधीच पुरेसं भारतीय होतं. शेवटी स्वायत्ततेसाठी प्रसारभारतीचा कायदा झाला 1990 मध्ये आणि अमलात आला 1997 मध्ये. तेव्हा आमच्याकडे चेक सहा महिन्यांत शिळा व्हायचा. हा सात वर्षांनी वटवला, तोही अशा वेळी, की खात्यात मक्तेदारीची शिल्लक उरली नव्हती. खाजगी वाहिन्या 1991-92 पासूनच येऊ लागल्या होत्या आणि 1995 ला सर्वोच्च न्यायालयानं हवेतल्या लहरी जनतेच्या मालकीच्या आहेत असं सांगूनही टाकलं होतं.

माझ्या मते गफलत याहून जुनी, 1985 ची. तोवर टीव्हीचं लायसन्स असायचं, पोस्टात जाऊन पैसे भरायचे. त्या साली ते बंद झालं आणि आपण सगळे खूश झालो. बीबीसीचा प्रेक्षक आजही लायसन्सचे पैसे भरतो, आणि म्हणून वर्षभर कुरकुरतो. ही कुरकुर फार कामाची असते. खातेदार कुरकुरतो म्हणून तर आम्ही काउंटरवर बसतो. दूरदर्शनच्या पगाराचे पैसे केंद्र सरकारच्या अनुदानातून येतात. पैसे शेवटी आपलेच, पण चेकवर सही दुसऱ्याची. आणि सहीवाल्याकडे पाहूनच कारकून उभा राहतो, हे मी तुम्हाला शपथेवर सांगतो.

हल्ली एक नवीन बचाव ऐकू येतो : ‘निदान डीडीवर आरडाओरडा तरी नसतो!’ नसतो, मान्य. खाजगी वाहिन्यांवर आठ चौकटींत आठ माणसं एकाच वेळी ओरडतात, त्यानं आमच्या घरचं मांजर बाहेर जातं. पण शेजारचा तारस्वरात खोटं बोलतो म्हणून आमचा हळू आवाजात गप्प बसणारा खरा ठरत नाही. दोन चुकीच्या नोंदी समोरासमोर ठेवल्या की ताळेबंद जुळल्यासारखा दिसतो, एवढंच.

सध्या दूरदर्शनचा उदरनिर्वाह थोडाफार भाड्यावरही चालतो. 2004 पासून बिनामासिक-वर्गणीची डिश सेवा आहे, ‘फ्री डिश’. ती लाखो गरिबांच्या छपरांवर आहे, आणि तीवरच्या जागा खाजगी वाहिन्यांना लिलावानं दिल्या जातात. मालक मागच्या खोलीत आणि भाडेकरू दर्शनी ओट्यावर, अशी ही चाळ आहे.

त्या मागच्या खोलीत अजून काय होऊ शकतं ते 2020 साली दिसलं. शाळा बंद होत्या. जुलैमध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ सुरू झालं. टेलिक्लबांनंतर साठ वर्षांनी पुन्हा तेच, मुलं टीव्हीपुढं आणि टीव्ही शाळेसारखा. आमच्या सोसायटीच्या वॉचमनची मुलगी तेव्हा तिसरीत होती. घरात स्मार्टफोन नव्हता, आमच्यापैकी कोणीतरी दिलेला जुना डबडा टीव्ही आणि ती फुकटची डिश होती. वेळ झाली की ती वही घेऊन केबिनच्या दारात बसायची आणि आमची इंग्रजी माध्यमातली पोरं खिडकीतून तिच्या टीव्हीकडे बघायची. कार्यक्रम संपला की ती वही मिटायची. मग बातम्या लागल्या, की तिचा बाप उठून टीव्ही बंद करायचा.

‘अहो, बातम्या तरी बघा,’ मी एकदा म्हटलं.

‘लाईट जळते साहेब,’ तो म्हणाला.