अंगठा आणि अनुदान

विद्यापीठाच्या लघुसंशोधन अनुदानासाठी मी 'आंबेडकरी जलसे' हा विषय घेतला. अर्जातल्या 'पूर्वसंशोधनाचा आढावा' या रकान्यातच मी अडलो. जलशांचे पुष्कळसे वाङ्मय वह्यांत आणि म्हाताऱ्यांच्या गळ्यात आहे. भीमराव कर्डकांचे पुस्तक आले १९७८ साली. तेही जलसाकारानेच लिहिलेले. शेवटी आढाव्यात मी लोकनाट्यावरची प्रस्थापित समीक्षा घातली. तिने जलशांची दखल क्वचितच घेतलेली. अर्ज मंजूर झाला!

उपयोगिता प्रमाणपत्रावाचून दुसरा हप्ता नाही. वडापच्या जीपला तिकीट कुठले? एका दिवंगत शाहिराच्या पत्नीने दोन दिवस वही उतरवून घेऊ दिली, वर जेवू घातले. दिलेल्या २०० रुपयांसाठी मी तिचा अंगठा मागितला. "मास्तर, कसला कागुद हाय ह्यो?" अंगठ्यापायी जमीन गेलेले घर ते. हिशेबनिसाने ती पावती नाकारली, शहरातली झेरॉक्सची बिले मात्र निमूट घेतली.

सार्वजनिक पैशाचा हिशेब द्यायलाच हवा, याबद्दल वाद नाही. पण छापील पावती नसलेले ज्ञान इथे खर्चातही धरत नाहीत आणि संशोधनातही. आपणही मग तसे शहाणे होतो. माझा पुढचा अर्ज ग्रंथालयातल्या जुन्या नियतकालिकांवर आहे.