'५ एटीएम' म्हणजे नक्की काय मोजलं?

पेटची तयारी करताना रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटीच्या व्याख्या तुम्ही पाठ केल्या असतील. त्या खरंच समजल्यात का, हे तपासायला महागड्या स्मार्टवॉचच्या जाहिरातीसारखा चांगला नमुना नाही. 'टिकाऊ', '५ एटीएम', 'आयपी ६८' हे सगळे निष्कर्ष आहेत. पण त्यांची मेथडॉलॉजी कुठे आहे?

५ एटीएम घ्या. आकड्याचा अर्थ ५० मीटर पाण्याइतका स्थिर दाब. ५० मीटर खोल बुडी मारा, असं तो सांगत नाही. चाचणी होते नव्या घड्याळावर, प्रयोगशाळेत, ठरावीक वेळ. तुमच्या मनगटावर मात्र घाम असतो, साबण असतो, गरम पाणी असतं. कडेचं सील आणि चिकटवण वर्षभरात म्हातारं होतं. 'आयपी ६८' तर आणखी गमतीशीर आहे. त्यातल्या पाण्याच्या ७ या अंकाला १ मीटर खोली आणि ३० मिनिटं अशी अट आहे; ८ साठी ती त्याहून कडक हवी, पण नेमकी किती हे उत्पादक ठरवतो. म्हणजे दोन घड्याळांवर 'आयपी ६८' लिहिलं असलं तरी चाचणी एकच होती असं समजू नका. आकडा खोटा नाही. आपण तो जिथे लावतो ती जागा चुकीची. एक्स्टर्नल व्हॅलिडिटीचा प्रश्न म्हणतात तो हाच.

आता रिव्ह्यू. बहुतेक रिव्ह्यू खरेदीनंतर थोड्याच दिवसांत लिहिले जातात. 'मस्त चालतंय' यातून एवढंच कळतं, की घड्याळ निदान तेवढे दिवस टिकलं. सांख्यिकीत याला सेन्सर्ड डेटा म्हणतात. उलट बाजूला तक्रारींचा ढीग वाचून 'सगळेच बंद पडतात' म्हणणंही चूक, कारण एकूण किती विकले हा छेद आपल्याकडे नसतोच. तो असतो कंपनीकडे. कुठलं मॉडेल कितव्या महिन्यात दुरुस्तीला आलं, ही नोंद सर्व्हिस सेंटरमध्ये पडून असते आणि ग्राहकाला कधी दिसत नाही. माझा खरा आक्षेप इथे आहे. ज्या आकड्यावर २० हजारांचा निर्णय घ्यायचा, तोच लपलेला.

मग वर्षाची वॉरंटी संपली, चौदाव्या महिन्यात स्क्रीन काळी पडली आणि काउंटरवरून उत्तर आलं, 'पाणी गेलंय, आमची जबाबदारी नाही.' विषय संपला का? नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधली 'दोष' या शब्दाची व्याख्या वाचा. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यातली उणीवही दोषात येते. म्हणजे जाहिरातीतला पाण्याचा दावा हा तुमचा पुरावा होऊ शकतो. शिवाय कलम ३८ नुसार तपासणीशिवाय दोष ठरत नसेल, तर जिल्हा आयोग नमुना सील करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. कायद्यानेच प्रयोगाची सोय केली आहे म्हणा ना!

पण तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागू शकते, आणि फेलोशिप तीन महिने अडकलेली असताना तारखांना कोण जाणार? युरोपीय संघात विक्रेत्यावर किमान २ वर्षांची कायदेशीर जबाबदारी असते आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातच होता असं गृहीत धरतात. तो नव्हता हे विक्रेत्याने सिद्ध करायचं. आपल्याकडे अशी किमान मुदत नाही. तिकडे २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटच्या लेबलवर बॅटरी किती चार्जिंग चक्रं टिकेल आणि वस्तू किती दुरुस्त करता येईल हेही छापावं लागतं. स्मार्टवॉच मात्र त्या नियमातून बाहेर राहिलं. रोज चार्ज होणाऱ्या, चिकटवून बंद केलेल्या वस्तूला तर हे लेबल आधी हवं होतं.

तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करा. बिल, बॉक्स आणि खरेदीच्या दिवशीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपा. सर्व्हिस सेंटरकडून नकाराचं कारण लेखी घ्या. तोंडी कारण म्हणजे डेटा नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. तिथे जमलं नाही तर जिल्हा आयोग आहे: ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीची फी नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातून दाखल करता येते, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत २ वर्षं.

आणि एक गृहपाठ. घरातल्या कुठल्याही गॅजेटचा बॉक्स काढा. त्यावरच्या प्रत्येक दाव्यापुढे तीन रकाने करा: काय मोजलं, कोणत्या परिस्थितीत, किती नमुन्यांवर. तिसरा रकाना बहुधा पूर्ण रिकामा राहील. लिटरेचर रिव्ह्यू करताना एखाद्या पेपरचा तिसरा रकाना असाच रिकामा दिसला, तर तिथेही थांबा.