कार्बन भरपाई : विश्वासार्ह निवडीच्या निकषांची चिकित्सा

प्रस्तावना :

हवामानबदलावरील उपायांमध्ये ‘कार्बन भरपाई’ ही संकल्पना १९९७ च्या क्योटो करारापासून विशेष महत्त्व पावली. एका ठिकाणी झालेल्या उत्सर्जनाच्या बदल्यात दुसऱ्या ठिकाणची तेवढीच कपात विकत घ्यावी, असे तिचे साधे स्वरूप आहे. कर्बवायू पुण्यात टळला काय किंवा पेरूमध्ये टळला काय, वातावरणाच्या दृष्टीने फरक पडत नाही. त्यामुळे तत्त्व म्हणून ही कल्पना निर्दोष वाटते. अडचण मालाच्या स्वरूपात आहे. धान्याचा व्यापारी पोते उघडून दाखवू शकतो. कार्बन क्रेडिटमध्ये मात्र विकली जाणारी वस्तू ही ‘न घडलेली घटना’ असते. प्रकल्प झाला नसता तर किती उत्सर्जन झाले असते, या कल्पित आकड्यातून, म्हणजेच आधाररेषेतून, प्रत्यक्ष उत्सर्जन वजा करून कपातीचे टन सिद्ध केले जातात. विक्रेत्याला हा आकडा मोठा हवा असतो. ग्राहकाला स्वस्त टन हवा असल्याने तोही तक्रार करीत नाही. पडताळणी करणाऱ्या संस्थेचे शुल्क सामान्यतः प्रकल्पधारकच देतो. अशा व्यवहारात केवळ प्रमाणपत्रावर विसंबून निवड करणे कितपत योग्य आहे, हा प्रस्तुत लेखाचा विचारविषय होय.

पवनऊर्जा आणि अतिरिक्ततेचा प्रश्न :

भरपाईचा पाया ‘अतिरिक्तता’ हा आहे. क्रेडिटचा पैसा मिळाला नसता तर प्रकल्प उभाच राहिला नसता, हे सिद्ध व्हावे लागते. या कसोटीसाठी महाराष्ट्राचेच उदाहरण उद्बोधक ठरते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे व चाळकेवाडी या पठारांवर विसाव्या शतकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहू लागल्या. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत जगातील पहिला प्रकल्प नोंदला गेला तो नोव्हेंबर २००४ मध्ये. म्हणजे या पठारांवरील आरंभीच्या गुंतवणुकीमागे क्रेडिटची विक्री नव्हती. तिच्यामागे आयकरातील प्रवेगक घसाऱ्याची तरतूद आणि राज्याची विक्रीकर सवलत होती. नफ्यातील उद्योगांना पवनचक्की हे करबचतीचे साधन वाटत होते, हे त्या काळातील व्यवहार पाहिलेल्या कोणासही ठाऊक आहे.

पुढे मात्र भारतातील शेकडो पवनप्रकल्पांनी अतिरिक्ततेचा दावा करून क्रेडिट मिळवले. येथे नियमातील एक तरतूद लक्षात घेण्याजोगी आहे. ११ नोव्हेंबर २००१ नंतर लागू झालेल्या, स्वच्छ तंत्रज्ञानास अनुकूल अशा सरकारी धोरणांचा आधाररेषा ठरवताना विचार न करण्याची मुभा प्रकल्पांना होती. तिचा हेतू चांगला होता. चांगले धोरण आखले म्हणून क्रेडिट गमवावे लागेल, या भीतीने शासनांनी हात आखडता घेऊ नये, असे त्यामागे होते. परिणाम असा झाला की ज्या अनुदानाच्या बळावर चक्की फिरत होती, ते अनुदान हिशेबातून बाजूला ठेवता येऊ लागले.

कॅलेल, कोल्मर, डेशेझलप्रेत्र आणि ग्लाशां या अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पवनप्रकल्पांचा जो अभ्यास केला, त्याची पद्धत साधी व म्हणूनच प्रभावी आहे. क्रेडिटविना उभ्या राहिलेल्या प्रकल्पांपेक्षा उघडपणे अधिक किफायतशीर असलेले किती प्रकल्प क्रेडिट घेत होते, हे त्यांनी तपासले. कमी फायद्याची चक्की अनुदानाविना उभी राहत असेल, तर अधिक फायद्याची उभी राहिलीच असती. या निकषावर किमान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेल्याचे त्यांना आढळले. ‘किमान’ हा शब्द महत्त्वाचा आहे. युरोपीय आयोगासाठी ओको इन्स्टिट्यूटने २०१६ मध्ये सादर केलेल्या अहवालातही, तपासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्के प्रकल्पांत कपात अतिरिक्त असण्याची व ती फुगवलेली नसण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले आहे. स्वेच्छा बाजारातील दर्जा ठरविणाऱ्या परिषदेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवीकरणीय ऊर्जेच्या प्रचलित पद्धतींना आपली मान्यता नाकारली. पवनऊर्जा वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. ती इतकी परवडणारी झाली आहे की तिच्या नावाने विकलेला टन विमानप्रवासाची भरपाई करीत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

अतिरिक्तता पुरेशी आहे काय :

शीतकवायूच्या निर्मितीत उपउत्पादन म्हणून निघणारा एचएफसी-२३ हा वायू कर्बवायूच्या ११,७०० पट तापक्षम धरला जात असे. तो जाळून टाकण्याचा खर्च अल्प आणि मिळणारे क्रेडिट अमाप, असा हा सौदा होता. कपात खरी होती. परंतु जाळण्यासाठी वायू मिळावा म्हणून मूळ उत्पादनच वाढविण्याचा मोह त्यातून निर्माण झाला. युरोपीय संघाने २०१३ पासून हे क्रेडिट नाकारले. भारत सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये उत्पादकांनी हा वायू स्वखर्चाने नष्ट करावा, असा आदेश काढला. जे काम एका आदेशाने झाले, त्यासाठी जगाने अनेक वर्षे बाजारभावाने पैसे मोजले.

वने आणि चूल :

जंगल वाचविण्याच्या प्रकल्पांत आधाररेषा अधिकच सैल असते. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या प्रकल्पांच्या क्रेडिटपैकी सुमारे ६ टक्केच प्रत्यक्ष टळलेल्या जंगलतोडीशी जुळत असल्याचे दिसले. व्हेरा या प्रमाणन संस्थेने अशा अभ्यासांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले, हेही नोंदविले पाहिजे. शिवाय हवेत सोडलेल्या कर्बवायूचा मोठा भाग शतकानुशतके टिकतो, झाड मात्र एका उन्हाळ्यात जळू शकते.

सुधारित चुलींचे प्रकरण अधिक बोलके आहे. २०२४ च्या एका अभ्यासानुसार या प्रकल्पांना सरासरी ९ पटींहून अधिक क्रेडिट मिळाले. ज्या घरात भाकरी चुलीवरचीच हवी असते, तेथे नवी शेगडी आली म्हणून जुनी चूल विझत नाही, दोन्ही पेटतात. कागदावर मात्र जुनी चूल कायमची विझलेली असते. इंधनाचा प्रत्यक्ष वापर मीटरने मोजणाऱ्या प्रकल्पांत हा फुगवटा सर्वांत कमी, सुमारे दीडपट आढळला. निवडीचा सर्वांत उपयुक्त धडा येथेच मिळतो : अंदाजावर आधारलेल्या टनापेक्षा मोजलेला टन घ्यावा.

ग्राहकाची कसोटी :

त्यामुळे खरेदीदाराने प्रमाणपत्रावरील चिन्हापेक्षा प्रकल्पाची मूळ कागदपत्रे पाहणे इष्ट ठरते. प्रकल्पाला विक्रीयोग्य असे दुसरे उत्पन्न आहे का, कायद्याने ते काम बंधनकारक आहे का, आणि तोच टन यजमान देश आपल्या राष्ट्रीय उद्दिष्टातही मोजतो आहे का, हे तीन प्रश्न बहुतेक क्रेडिट गाळून टाकतात. कचराभूमीतील मिथेन जाळणे, जेथे कायद्याने ते सक्तीचे नाही आणि विजेची विक्रीही नाही, अशा प्रकल्पांना या चाळणीतून वाट मिळू शकते. हवेतून कर्बवायू काढून भूगर्भात साठविण्याचे तंत्र त्याहून टिकाऊ आहे. पण त्याचा टन अनेकपट महाग पडतो. महागाईबद्दल कुरकुर करण्यापूर्वी इतर टन इतके स्वस्त का आहेत, याचा विचार व्हावा.

भारतात जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली व त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिच्यात स्वेच्छा भरपाईची तरतूद समाविष्ट करण्यात आली. घसारा आणि इतर सवलती आधाररेषेत धरायच्या की वगळायच्या, हा साताऱ्याच्या पठारावरचा जुना प्रश्न या योजनेपुढेही आहे.