सूडूचं लेक्चर: आज्ञा आधी, विचार नंतर

आज आम्ही समीक्षेसाठी घेतलेला मजकूर जेमतेम काही ओळींचा आहे. अनेक लिनक्स संगणकांवर 'सूडू' ही आज्ञा पहिल्यांदा वापरली की तो टर्मिनलवर उमटतो. त्यात तीन उपदेश आहेत: इतरांच्या खासगीपणाचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, आणि सत्तेबरोबर जबाबदारी येते हे विसरू नका. सूडूच्या परिभाषेत या मजकुराला 'लेक्चर' म्हणतात. आमची हयात लेक्चरं देण्यातच गेली, तेव्हा हे परीक्षण आम्हीच करायला हवं, नाही का?

आधी श्रेय देऊ. १९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी सूडू लिहिलं. 'रूट' म्हणजे संगणकाचा सर्वाधिकारी. त्याचं काम इतरांनी करायचं, तर त्याचा पासवर्ड चारचौघांना सांगावा लागे. सूडू तुमचाच पासवर्ड विचारतं, त्या आज्ञेपुरता अधिकार देतं आणि नोंद ठेवतं. अधिकार उसना, आणि त्याचा हिशेबही ठेवलेला. कल्पना उत्तमच.

आता लेक्चर बघा. 'आधी विचार करा' हे येतं कधी? आज्ञा टाइप करून एंटर दाबल्यावर! वरातीमागून घोडं. मग पासवर्ड विचारला जातो. त्यातून तुम्ही कोण एवढंच कळतं. विचार केलात की नाही, हे कसं कळणार? आणि एकदा तो दिला की मूळ रचनेत पुढची ५ मिनिटं तोही विचारला जात नाही.

आमचंच उदाहरण घ्या. एकदा परवानगी नाकारली गेली, म्हणून आम्ही पुढे सूडू लावलं. त्यातून तयार झालेल्या फाइली रूटच्या मालकीच्या झाल्या. मग आमच्याच टिपणांना हात लावायला पुन्हा सूडू! वैतागून मालकी बदलण्याची आज्ञा दिली, तीही सूडू लावून. पण आम्ही उभे होतो अख्ख्या संगणकाच्या मुळाशी. सगळ्याची मालकी आमच्याकडे आली, खुद्द सूडूचीसुद्धा. आणि सूडूची फाइल रूटच्या मालकीची नसेल तर सूडू चालतच नाही. सर्वाधिकार हाती आले आणि अधिकार संपला. सगळं नव्याने बसवावं लागलं. टिपणांची प्रत पेन ड्राइव्हवर होती, म्हणून वाचलो.

१९७५ साली साल्टझर आणि श्रोडर यांनी तत्त्व मांडलं होतं: कामाला लागेल तेवढाच किमान अधिकार द्यावा. सूडूला हे जमतं. कोणाला कोणती आज्ञा चालवू द्यायची, ते ठरवता येतं. पण घरच्या संगणकावर आपण सरसकट सगळंच देऊन मोकळे होतो. दोष लेक्चरचा, तसा श्रोत्यांचाही.

म्हणून आमची एवढीच सूचना. संगणक 'नाही' म्हणाला की लगेच सूडू लावू नका. का नाही म्हणाला, ते आधी वाचा. बहुतेकदा आपणच चुकीच्या दारात उभे असतो.