समेशिवाय आवर्तन : फिलिप ग्लास आणि ‘सत्याग्रह’

फिलिप ग्लास यांचं नाव निघालं की आपल्याकडे कोणीतरी लगेच म्हणतं, ‘म्हणजे ते रविशंकरांकडून शिकलेले ना?’ आणि विषय तिथेच संपतो. आपलं काहीतरी तिकडे गेलं, एवढ्यावर आपण खूश असतो. आज मला विचारायचं आहे ते हे, की नेमकं काय गेलं आणि वाटेत काय गळलं?

चरित्र थोडक्यात सांगतो. जन्म १९३७ चा, बाल्टिमोरचा. वडिलांचं रेकॉर्डचं दुकान. शिकागो विद्यापीठात गणित आणि तत्त्वज्ञान (आमच्या विषयाची मुलं कुठे कुठे पोहोचतात बघा!), पुढे न्यूयॉर्कची जूलियर्ड, आणि मग पॅरिसला नादिया बूलांजे यांच्याकडे दोन वर्षं कडक तालीम. त्याच काळात ‘चॅपाक्वा’ या चित्रपटाचं काम आलं. रविशंकरांचं संगीत पाश्चात्त्य वादकांना वाजवता यावं म्हणून ग्लास यांनी ते तिकडच्या स्वरलिपीत उतरवायचं होतं. आता त्या स्वरलिपीत मात्रांचे गट उभ्या रेषांनी तोडतात, आणि रेषेनंतरच्या स्वरावर आपसूक जोर पडतो. तो जोर भलत्याच जागी पडायला लागला. अल्लारखाँ पुन्हा पुन्हा सांगत होते की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी ग्लास यांनी त्या रेषाच पुसून टाकल्या, आणि काम मार्गी लागलं. ही हकिगत त्यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे.

यातून त्यांनी जो सिद्धान्त काढला तो असा : पाश्चात्त्य संगीत काळाचे भाग पाडतं, तर भारतीय संगीत लहान लहान तुकडे जोडून मोठा काळ घडवतं. १९६८ ची ‘टू पेजेस’ ही रचना ऐका. पाच स्वरांचा एक तुकडा. तो वाजत राहतो, मग त्यात भर पडते, मग घट होते. बेरीज-वजाबाकी, बस्स.

पण ताल म्हणजे बेरीज का? झपतालात २-३-२-३ असे खंड आहेत, तेव्हा कागदावर बेरीज दिसते खरी. मैफलीत मात्र कोणी दोन अधिक तीन असं ऐकत बसत नाही. तबलजी तिहाई घेतो तेव्हा सगळ्यांचं लक्ष असतं ते समेवर. समेवर आला की माना हलतात. आवर्तनाला परतायची जागा आहे म्हणून तर भटकण्यात मजा आहे. ग्लास यांच्या त्या काळच्या संगीतात ही जागा नाही. त्यांनी खंड घेतले, सम सोडली. याला मी दोष म्हणत नाही. त्या अर्धवट समजुतीतून खरोखर नवं संगीत निघालं. फक्त ‘ते आपला ताल शिकले’ असं कृपा करून म्हणू नका.

माझी खरी तक्रार शब्दांबद्दल आहे.

१९७६ मध्ये ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’चे न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरा हाउसमध्ये दोन खेळ झाले, दोन्ही तुडुंब भरले, आणि संगीतकार पुन्हा टॅक्सी चालवायला गेला! चाळिशी उलटेपर्यंत टॅक्सी आणि नळजोडणीची कामं सुटली नव्हती. ती सुटली रॉटरडॅमकडून नव्या ऑपेराची मागणी आली तेव्हा. हाच ‘सत्याग्रह’, पहिला प्रयोग १९८० चा. विषय गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं. तीन अंक, त्यांवर टॉलस्टॉय, टागोर आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची छाया. वाद्यवृंदात तंतुवाद्यं, लाकडी सुषिर वाद्यं आणि ऑर्गन. पितळी वाद्यं नाहीत, तालवाद्यंही नाहीत. आणि गायचं काय? ग्लास आणि कॉन्स्टन्स डीजाँग यांनी निवडलेले गीतेतले श्लोक, मूळ संस्कृतात.

म्हणजे रंगमंचावर डर्बनचा जमाव गांधीजींवर चालून येतो, पोलीस अधिकाऱ्याच्या पत्नी, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून त्यांना वाचवतात, आणि गायला जातात सोळाव्या अध्यायातले आसुरी संपत्तीचे श्लोक. कल्पना विलक्षण आहे. पण प्रेक्षकाला त्यातलं अक्षर कळत नाही. लंडन आणि न्यूयॉर्कला गाजलेल्या प्रयोगात तर ओळीओळीचं भाषांतरही दाखवलं जात नव्हतं.

यावर कोणी म्हणेल, मंत्राचा अर्थ कुठे कळावा लागतो? हा वाद आपल्याकडे फार जुना आहे. मंत्रांना अर्थच नसतो असं कौत्स म्हणाला, आणि यास्काने निरुक्तात त्याला खोडून काढलं. मी यास्काच्या बाजूचा. गीता तर मंत्रही नाही, तो संवाद आहे. एक जण विचारतो, दुसरा समजावतो. ज्ञानेश्वरांपासून विनोबांच्या धुळ्याच्या तुरुंगातल्या प्रवचनांपर्यंत आपण हेच केलं, समोरच्याच्या भाषेत ती सोडवून सांगितली. आणि गांधीजी? त्यांना गीता पहिल्यांदा भेटली ती लंडनमध्ये, एडविन अर्नोल्डच्या इंग्रजी अनुवादात. पुढे त्यांनी स्वतः ती गुजरातीत आणली. त्यांच्यावरच्या ऑपेरात गीता कडीकुलपात ठेवायची, हे मला पटत नाही. ग्लास यांना हे कळत नव्हतं असंही नाही. पुढच्याच ‘अखनातेन’मध्ये (१९८४) प्राचीन भाषांची रेलचेल असताना सूर्यस्तोत्र मात्र प्रेक्षकांच्या भाषेत गावं, अशी त्यांनी योजना केली.

तरीही ‘सत्याग्रह’चा शेवट ऐकाच. गांधी एकटे. आठ स्वरांची एक साधी चढती ओळ, सुमारे तीस वेळा, खाली वाद्यांची साथ तेवढी बदलत जाते. इतकं थोडं घेऊन इतका धीर दाखवणारा संगीतकार मला दुसरा माहीत नाही. शब्द आहेत चौथ्या अध्यायातले, ५ ते ८. आपली पंचाईत वेगळीच. हे श्लोक दूरदर्शनच्या ‘महाभारता’पासून आपल्या कानांत इतके बसलेत, की सूर ऐकू येण्याआधी शंख ऐकू येतो. तिकडच्या श्रोत्याला नुसता नाद मिळतो, आपल्याला नुसती ओळख. अर्थ दोघांनाही हुकतो.

डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला ‘सत्याग्रह’चा प्रयोग सुरू होता आणि बाहेर ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’चे निदर्शक जमले होते. ग्लास त्यांच्यात जाऊन उभे राहिले. त्यांनी ऑपेराच्या शेवटच्या ओळी म्हटल्या, पण इंग्रजीत. ते एक तुकडा म्हणत, आणि मागच्यांना ऐकू जावा म्हणून जमाव तो मोठ्याने पुन्हा म्हणे. असं तीनदा झालं.