जेवणाच्या वेळची तबकडी

गाणे ऐकावयाचे तर मांडी घालून, चित्त एकाग्र करून ऐकावे. जेवताना ते लावणे म्हणजे गाण्याचाही अपमान व अन्नाचाही, असे म्हणणारे रसिक आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांचा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. तथापि आपल्या पंगतीत श्लोक म्हणण्याची रीत होती, नैवेद्याच्या वेळी देवळात वाद्ये वाजतात, हे ध्यानी घेतले म्हणजे अन्न व नाद यांचे मूळचेच वैर आहे असे मानण्यास आधार उरत नाही. प्रश्न उरतो तो औचित्याचा. सणावाराची गोष्ट निराळी. येथे विचार करावयाचा आहे तो कामाच्या वारी, रात्री आठ-साडेआठच्या सुमारास वाढल्या जाणाऱ्या साध्या आमटीभाताचा, आणि त्यासोबत लावावयाच्या अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या सोल, फंक व डिस्को या संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा. विषय वाचून कोणी भुवया उंचावतील. त्यांनी थोडा धीर धरावा.

सोल हे संगीत मूळचे प्रार्थनामंदिरातले. रे चार्ल्स यांनी १९५४ साली भक्तिगीताच्या चालीवर प्रेमगीत बसविले, तेव्हा तिकडील श्रद्धाळू मंडळींस तो धर्मलोप वाटला. साकी-दिंडी कीर्तनातून नाटकात आल्या हे ज्यांस ठाऊक आहे, त्यांस या स्थलांतराचे नवल वाटू नये. धर्मोपदेशकाच्या कन्या अरीथा फ्रँकलिन यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका चर्चमध्ये भक्तांच्या मेळ्यासमोर 'अमेझिंग ग्रेस' ही मुद्रिका ध्वनिमुद्रित केली. ती मात्र जेवताना लावू नये. तिच्यापुढे हात धुऊनच बसावे.

मग लावावे काय? माझे पहिले उत्तर बिल विदर्स यांची 'जस्ट ॲज आय ॲम' (१९७१) हे आहे. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात १९३८ साली जन्मलेला हा माणूस वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत बोलताना अडखळत असे. नऊ वर्षे आरमारात काढून पुढे तो विमानांचे भाग तयार करणाऱ्या कारखान्यात कामगार झाला. या मुद्रिकेच्या वेष्टनावरील छायाचित्र त्याच कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत घेतलेले आहे, आणि त्यात विदर्स यांच्या हाती जेवणाचा डबा आहे! दिवसभर राबून घरी आलेल्याच्या ताटापाशी बसण्याचा अधिकार या गाण्यांस आहे, तो असा. आवाजात कोठेही पीळ नाही. 'एन्ट नो सनशाइन' या गीतात तेच दोन शब्द लागोपाठ सव्वीस वेळा येतात. तेथे पुढे निराळे शब्द रचावयाचे होते, परंतु सोबतच्या वादकांनी 'आहे तसेच राहू द्या' म्हटले. त्या वादकांच्या रसिकतेस दाद दिली पाहिजे. 'ग्रँडमाज हँड्स' हे जेमतेम दोन मिनिटांचे गीत चर्चमध्ये टाळ्या वाजविणाऱ्या आजीच्या हातांविषयी आहे. आमच्या घरी एकदा ते चालू असता, इंग्रजी मुळीच न जाणणाऱ्या मातोश्रींनी वाढता वाढता विचारले, "हा कोणाविषयी गातो रे?" आजीविषयी, असे सांगताच म्हणाल्या, "मग पुन्हा लाव." याहून मोठा अभिप्राय मला देता येणार नाही.

अल ग्रीन यांची 'आय ॲम स्टिल इन लव्ह विथ यू' (१९७२) ही दुसरी. मेंफिस येथील रॉयल स्टुडिओ हे पूर्वीचे चित्रपटगृह. तेथील जमीन अजूनही उतरती आहे. त्या उतारावर विली मिचेल या चतुर निर्मात्याने ग्रीन यांस आवाज चढविण्याऐवजी उतरविण्यास शिकविले. हॉजेस घराण्यातील तिघे भाऊ गिटार, ऑर्गन व बास वाजवितात, तेही असे की पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज त्यांहून मोठा व्हावा. ग्रीन पुढे मेंफिसमध्येच धर्मोपदेशक झाले आणि १९७६ साली त्यांनी स्वतःचे चर्च स्थापिले, हे कळल्यावर या प्रेमगीतांतील आर्जव निराळे ऐकू येते. एक दोष सांगितलाच पाहिजे. 'फॉर द गुड टाइम्स' हे सहा मिनिटांहून लांब गीत फार पाघळते. श्रीखंड रोज वाढू नये.

आता वादाच्या मुद्रिकेकडे येतो. मार्विन गे यांची 'व्हॉट्स गोइंग ऑन' (१९७१) जेवणासाठी उत्तम, असे पुष्कळांचे मत. माझे मत विरुद्ध आहे. १९६९ साली बर्कली येथे पोलिसांनी तरुणांवर चालविलेला अत्याचार पाहून रेनाल्डो बेन्सन यांस शीर्षकगीताची कल्पना सुचली. गे यांचा सख्खा भाऊ व्हिएतनामच्या युद्धातून परतलेला होता. आणि मोटाउन कंपनीचे चालक बेरी गॉर्डी ते गीत काढावयास तयारच नव्हते. युद्ध, दारिद्र्य, विषारी झालेले पाणी, एवढे सर्व या नऊ गीतांत आहे. पण तंतुवाद्ये इतकी मधुर की ऐकणारा फसतो! एका रात्री पाहुण्यांसमोर मी ही मुद्रिका लावली. शेवटचे गीत शहरातील गरिबांच्या हताशपणाचे. ते चालू असता पानावर दुसऱ्यांदा भात वाढला जात होता आणि सर्वजण माशाच्या कालवणाची तारीफ करीत होते. मला लाज वाटली. विदर्स यांच्या 'हार्लेम' या गीतातही गरिबीच आहे, त्याचे काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. एवढेच म्हणतो की विदर्स शेजारी बसून सांगतात. गे समोर उभे राहून जाब विचारतात, आणि तोंडात घास असता जाब देता येत नाही.

स्टीव्ही वंडर यांची 'सॉंग्स इन द की ऑफ लाइफ' (१९७६) थोर खरीच, परंतु दोन मोठ्या तबकड्या व वर एक छोटी; बदलता बदलता भात निवतो. फंकविषयी थोडक्यात सांगतो. जेम्स ब्राउन यांनी आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकला. समेची ज्याला सवय आहे त्याला हे तात्काळ उमगते, आणि त्याचा हात ताटावर थांबून पाय हलू लागतो. भोजनास ते प्रतिकूल.

राहिला डिस्को. आपल्या घरांत तो १९८० साली 'कुर्बानी' चित्रपटातील नाझिया हसन यांच्या गीताने शिरलाच होता, आणि त्याचे संगीतकार बिद्दू हे जन्माने बंगळूरचे. तेव्हा परकेपणाचा आक्षेप लटका आहे. अमेरिकेत १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या क्रीडांगणावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग सुरुंगाने उडविण्यात आला. पुढच्याच महिन्यात शीक या वाद्यवृंदाचे 'गुड टाइम्स' तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होते! ज्या 'रिस्के' (१९७९) मुद्रिकेत ते आहे ती मी जेवणात लावीत नाही. पाने उचलल्यावर लावतो. बर्नार्ड एडवर्ड्स यांचा बास चालतो, थांबतो, पुन्हा चालू लागतो, आणि नाइल रॉजर्स यांची गिटार त्याभोवती खुडबुडत राहते. मंदीच्या काळात सुखाचे दिवस आल्याचे गाणे म्हणण्यात रॉजर्स यांचा उपरोध होता. तो भांडी घासणाऱ्यास चटकन कळतो. मुद्रिकेवर हे गीत आठ मिनिटांचे आहे. चौघांची ताटे तेवढ्यात होतात, कढई उरते.