त्रयस्थ दफ्तरांचे प्रामाण्य

मुक्तस्रोत संगणक-आज्ञावल्यांच्या इतिहासाचे मुख्य साधन म्हणजे त्या रचणाऱ्यांचा आपसांतील पत्रव्यवहार होय. अमुक फेरफार केव्हा झाला हे आज्ञावलीच्या नोंदवहीत मिळते. तो का झाला, त्यावर कोणी हरकत घेतली आणि ती कशी निवारली गेली, हे बहुधा पत्रांतच सापडते. ही पत्रे मेलिंग लिस्टवरून सर्व सभासदांस एकाच वेळी पोचतात. त्यांचे जतन मात्र कित्येक वर्षे त्या त्या समुदायाने नव्हे, तर त्रयस्थांनी केले, ही गोष्ट पुरेशी ध्यानात घेतली गेलेली दिसत नाही. लिनक्सच्या गाभ्याविषयीची पत्रे ज्या 'व्हीजर' सर्व्हरवरून वाटली जात, तेथे ती साठविण्याची सोयच नव्हती. जिज्ञासूस बाहेरच्या संग्रहांकडे बोट दाखविले जाई.

या संग्रहांत 'जीमेन'चे स्थान मोठे. लार्स मॅग्ने इंगेब्रिग्त्सेन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. प्रत्येक यादीस त्यात स्वतंत्र वृत्तगट मिळे आणि प्रत्येक पत्रास त्या गटातील अनुक्रमांक. हा क्रमांक आटोपशीर असल्यामुळे गिटच्या रचनाकारांनी तो फेरफारांच्या नोंदींत आधार म्हणून सर्रास दिला. जुलै २०१६ मध्ये जीमेनचे वेबवरील वाचनस्थान बंद झाले आणि ते पूर्ववत कधीच उभे राहिले नाही. वृत्तसेवा चालू राहिली. २०२० मध्ये ती नव्या पत्त्यावर गेली. म्हणजे पत्रे नष्ट झाली नव्हती, नष्ट झाली होती ती त्यांच्याकडे जाणारी वाट. परंतु नोंद वाचणाऱ्या नवख्या अभ्यासकास या दोहोंतील भेद काय उपयोगाचा?

याचा दोष संग्राहकाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. चौदा वर्षे स्वेच्छेने वाहिलेला भार खाली ठेवण्याचा अधिकार कोणासही आहे. खरी चूक आधार देणाऱ्यांची होती. पोथीचा निर्देश तिच्या नावाने न करता ती ज्या कपाटात आहे त्या कपाटाच्या क्रमांकाने करावा, तसे हे झाले. पत्रास स्वतःची खूण असते. पत्र निघतानाच त्याच्या शिरोभागी 'मेसेज-आयडी' लिहिली जाते आणि ती कोणत्याही संग्रहात तीच राहते. ती लांबलचक व कुरूप आहे, म्हणूनच ती टाळली गेली असावी.

समुदायाच्या स्वतःच्या दफ्तरात हा दोष नसतो, असेही नाही. मेलमनच्या जुन्या 'पायपरमेल' संग्रहात एखादे पत्र काढून सूची नव्याने बांधली, की पुढील पत्रांचे क्रमांक सरकतात आणि जुने दुवे भलत्याच पत्रांपाशी नेतात. न उघडणाऱ्या दुव्यापेक्षा हे अधिक घातक, कारण चूक झाल्याचे कळतच नाही.

अधिकृत आणि अनधिकृत हा भेद प्रामाण्याच्या दृष्टीने किती पोकळ आहे, ते २०१८ मध्ये स्पष्ट झाले. त्या वर्षी लिनक्सच्या गाभ्यासाठी 'लोअर' हे अधिकृत दफ्तर उघडले, तेव्हा मागील पत्रे खासगी व्यक्तींनी आपापल्या पेटाऱ्यांत राखलेल्या प्रतींतून जमवावी लागली. अधिकृत प्रतीची जननी येथे अनधिकृत प्रतच आहे.

तथापि त्रयस्थांच्या प्रती डोळे मिटून स्वीकारण्याजोग्या नाहीत. 'मार्क' हा संग्रह पत्त्यातील चिन्हे बदलून दाखवितो. इतरही काही संग्रह पत्ते झाकतात. जाहिरातबाजांपासून बचाव हा त्यामागील हेतू रास्त आहे, पण लेखकाची ओळख पटविताना मूळ शिरोभाग पाहण्यावाचून गत्यंतर नाही. याहून अवघड प्रश्न पत्र मागे घेऊ इच्छिणाऱ्याचा आहे. २०१८ पासून युरोपात लागू असलेल्या विदासंरक्षण-नियमांनी वैयक्तिक माहिती पुसून घेण्याचा हक्क, काही अपवाद ठेवून, दिला आहे. एका दफ्तराने तो मानला तरी दहा ठिकाणच्या प्रती उरतातच. ज्या बहुलतेमुळे पाठ पडताळता येतो, तीच येथे एखाद्याच्या जाचास कारण होते. इतिहासाच्या गरजेपुढे हा जाच क्षुल्लक मानण्याची संशोधकांची प्रवृत्ती समर्थनीय नाही.

एरिक वाँग यांच्या 'पब्लिक-इनबॉक्स' या आज्ञावलीचा विचार या संदर्भात अगत्याचा आहे. 'लोअर'ही तिच्यावरच चालते. तिच्यात पत्राचा पत्ता 'मेसेज-आयडी'वरूनच बनतो, आणि संपूर्ण संग्रह गिटच्या रूपात असल्याने कोणासही त्याची प्रत घरी उतरवून घेता येते. शिवाय जीमेनचे जुने क्रमांक कोष्टकात घालून त्यांवरून पत्र हुडकण्याची सोय तिच्यात ठेवलेली आहे.